संभाजीनगरात फोटो काढायला कुठं अन कधी जावं?

परभणीकर_कॅमेरा
नमस्कार मंडळी. मी परभणीचा, जूनपासून इथं विद्यापीठात एमएस्सीला आहे. मामानं त्याचा जुना निकॉन दिला, सोबत १८-५५ मिमीची अन एक ५० मिमीची लेन्स, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसवतच नाही. पण जावं कुठं ते कळंना. बीबी का मक्बऱ्याला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळी भर दुपारी, फोटो बघितले तर घुमट पांढराफेक अन खालचं सगळं मळकट, आभाळ तर गायबच. गाडी नाही माझ्याकडं, बस अन शेअर रिक्षावर भागवतो. जागा सांगा अन कोणत्या टायमाला जायचं तेबी सांगा.

खामकाठ
कॅमेऱ्याची चूक नाही त्यात भाऊ. मक्बऱ्याचा घुमट संगमरवराचा आहे अन खालचा थोडा भाग सोडला तर भिंतींवर चुन्याचा गिलावा. दुपारच्या उन्हात संगमरवर डोळ्यावर येतो अन गिलाव्यावरचे पावसाचे काळे ओघळ उठून दिसतात, मग कॅमेऱ्यानं कुणाचं ऐकावं? घुमटावर मीटरिंग कर, म्हणजे उजेड घुमटावरून मोजू दे, अन रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, सावली नंतर उचलता येते, उडालेला पांढरा परत येत नाही.

अन मेन गोष्ट दिशेची. दर्शनी बाजू दक्षिणेकडं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळ-संध्याकाळ दोन्ही टायमाला तिरपं ऊन त्या बाजूवर पडतं अन नक्षी उठून येते. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, तेव्हा पहाटे गेलास तर समोरची बाजू सावलीतच. म्हणजे आता हे दोन महिने सोडू नको. कारंज्याच्या हौदात पाणी असलं तर गुडघ्यावर बस, कॅमेरा पार खाली धर.

गुलमंडीची_ताई
मक्बरा सगळेच काढतात रे, दरवाजे बघ ना. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात आपल्याला. भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला, तिथं वायरी फ्रेममध्ये येतात, त्या टाळायला कमानीच्या अगदी जवळ जाऊन वर बघून काढ. मकाई दरवाज्यातून तर अजून रहदारी चालते, खाम नदीवरच्या पुलावरून गाड्या त्या कमानीत शिरतात, दिवेलागणीला तिथं थांबून बघ.

पण माझं खरं प्रेम शहागंजावर. सकाळी गाडे लागायच्या टायमाला जा. एक सांगते, मी सुरुवातीला एका आजीचा लांबून फोटो काढला, ती काकड्यांवर पाणी शिंपडत होती, थेंब उन्हात इतके सुंदर दिसत होते की विचारायचं भानच राहिलं नाही. तिनं बघितलं अन पदर तोंडावर ओढला. तो फोटो मी त्याच रात्री डिलीट केला. पुढच्या आठवड्यात जाऊन माफी मागितली, विचारलं, तर म्हणली थांब जरा, अन केस सारखे करून ताठ बसली. त्याचा प्रिंट नेऊन दिला, अजून तिच्या गाड्याला लावलेला आहे. विचारून काढ, अन प्रिंट देतो म्हणलास तर दे.

लेणीवेडा
विद्यापीठात आहेस म्हणजे गोगाबाबा टेकडी तुझ्या जवळच, काहून गेला नाहीस अजून? उजाडायच्या आत वर पोच, खाली मक्बरा अन पसरलेलं शहर दिसतं. पाठीमागच्या औरंगाबाद लेण्याही कर, १२ लेण्या आहेत, सातव्या लेणीतली नाचणारी बाई अन तिच्या भोवतीच्या वादक बायका सोडू नको. आत अंधार असतो, तुझी ५० ची लेन्स जास्त उजेड घेते, ती तिथंच कामाला येईल. ट्रायपॉड मात्र सांभाळून, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगी लागते. माझा एकदा गेटवरच ठेवून घेतला, ६० किलोमीटर गाडी मारून गेलो होतो.

वेरूळला एसटी आहे. तिथल्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून दुपारी ३ नंतर जा, कैलासच्या बाजूच्या वाटेनं वर चढून कळस वरून बघ. मंगळवारी बंद असतं. अन १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिनाला नक्की उभा राहा, १९९४ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं तेव्हापासून लोक पोराबाळांसकट येतात, गेटपुढं डोकं टेकवणारे चेहरे बघ.

परभणीकर_कॅमेरा
रविवारी टेकडीवर जाऊन आलो. थंडी लई होती, बोटं आखडली. खाली सगळं धुकं, मक्बऱ्याचा घुमट अन मिनारांची टोकं तेवढी वर, दहा मिनिटांत ऊन आलं अन सगळं विरून गेलं. ९ फोटो काढले, त्यातले २ मामाला पाठवले. ताई, उतरताना एक काका बकऱ्या घेऊन चालले होते, त्यांना विचारूनच काढला अन प्रिंट देतो म्हणून शब्द दिलाय. गुलमंडीकडं चांगला प्रिंट कुठं काढून मिळतो? शनिवारच्या आत पाहिजे, ते त्याच वाटेनं येतात म्हणले.