मदत हवी आहे: शाळेत ठरावीक गटापुरता कार्यक्रम ठेवावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या पालक समितीपुढे प्रस्ताव आलाय: कर्णबधिर मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी शाळेतच एक वेगळी संध्याकाळ. काही पालक म्हणतात, शाळा सगळ्यांची, मग बाकीच्यांना दार बंद का?

माझा कल प्रस्तावाकडे आहे. नेहमीच्या कार्यक्रमात स्पीकर लागले की श्रवणयंत्रात नुसता कालवा होतो. एक मुलगी तर यंत्र काढून खिशात टाकते आणि शेवटच्या रांगेत गप्प बसून राहते. खुणांच्या भाषेत मनसोक्त गप्पा मारायला या मुलांना जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम ३० भाषिक अल्पसंख्य मुलांना आपल्या समूहासोबत आपली भाषा वापरण्याचा हक्क देतं. खुणांची भाषाही त्यात यावी असं मला मनापासून वाटतं. विरोधक मात्र भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम २ वर बोट ठेवतात.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एखाद्या मुलाला आपलं ऐकू न येणं चारचौघांत सांगायचंच नसेल, तर निमंत्रण त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं?

तुमच्या शाळेत असं कुणी केलंय का? भावंडं, मित्र यांना येऊ दिलंत का? नाराज पालकांना काय सांगितलंत? समितीची बैठक जवळ आलीये, कृपया अनुभव कळवा.