जायरो ठेवू का बंद करू? लेक मनगटानं नेम धरते, मी अंगठ्यानं, आणि फुगे काही फुटंनात

गोदाकाठची_बाई (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. मी काही गेम खेळणारी बाई नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. धाकटा भाऊ हैदराबादला असतो. त्यानं स्वतःला नवीन काहीतरी घेतलं आणि जुना निन्टेंडो स्विच (टीव्हीला जोडून नाहीतर हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) भाचीच्या हातात देऊन मोकळा झाला. सोबत एकच गेम, स्प्लॅटून ३. बंदुका आहेत, पण त्यातून गोळी नाही, रंग उडतो. रंगपंचमीच म्हणा ना. म्हणून मीही म्हटलं, खेळू दे. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, बाहेर बेचाळीस डिग्री, दुपारी दार उघडायची सोय नाही. लेकीशेजारी कूलरसमोर बसून बघता बघता मीच अडकले. आता एक टप्पा तिचा, एक माझा असं ठरलंय.

अडचण अशी की ती अकरा वर्षांची पोरगी कंट्रोलर हातात घेऊन नुसतं मनगट हलवते आणि नेम बरोबर तिथं जातो. मी पहिल्याच दिवशी ते मोशनचं, म्हणजे जायरोचं (कंट्रोलर वळवला की नेम वळतो ते) बटण बंद करून टाकलं होतं. चालू केलं की सगळा पडदा पोहायला लागतो, जत्रेतल्या आकाशपाळण्यातून उतरल्यासारखं होतं. त्यामुळं माझं सगळं काम उजव्या काडीवर, म्हणजे अंगठ्यावर. (स्टिकला आमच्या घरात काडीच म्हणतात.)

सपाट जागी जमतं. पण एक टप्पा आहे, त्यात हवेत लटकलेले फुगे ठरलेल्या वेळात फोडायचे असतात. काडी जराशी ढकलली की नेम फुग्याच्या पलीकडं. परत आणला की अलीकडं. अजून हळू ढकलावं तर हलतच नाही, आणि हलला की पुन्हा पलीकडं. चष्मा घरी विसरून सुईत दोरा ओवायला बसल्यावर कसं होतं, अगदी तसं. आठ वेळा हरले. नवव्या वेळी लेक म्हणाली, "आई, आण इकडं," आणि एका झटक्यात संपवून दिलं. लई लागलं मनाला.

बरं, तिचं मोशनही दर वेळी चालतं असं नाही. परवा एसटीनं अंबाजोगाईला, माझ्या माहेरी निघालो होतो. ही हातात स्विच धरून खेळत होती. परळीच्या पुढं घाट लागला आणि बस वळली की हिच्या गेममधली पोरगीपण वळायची! ही म्हणते बिघडला. मी म्हटलं, ठेव आता पिशवीत, उलटी होईल.

तर विचारायचं असं की वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हे मनगटाचं शिकण्यात अर्थ आहे का, का अंगठाच घासत राहू? आणि ते गरगरतं त्याचं काय करायचं? घरात विचारायची सोय नाही. हे म्हणतात, "तू आधी पेपर तपास."

मोंढा_लातूर

ताई, कामून बंद केलात? चालू करा आन् परत बंद करू नका!

मी लातूरला रूम करून राहायलोय, नीट रिपीट करायलोय (घरी सांगू नका इथं लिहायलोय म्हणून). स्विच मी हातात बी धरलो नाही, पण जायरो माझ्या अंगात मुरलाय, कारण मोबाईल. पबजी आली २०१८ ला, तेव्हा मी बारका होतो. मामाच्या फोनवर खेळायचो. २०२० च्या सप्टेंबरला बंद झाली, पुढच्या जुलैला बीजीएमआय म्हणून परत आली. सुरुवातीला आम्ही सगळे अंगठ्यानंच खेळायचो. काचेवर अंगठा घासायचा, उन्हाळ्यात घामानं चिकटायचा, आन् सिक्स एक्स स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) लावला की नेम नाचायचा. मग रूमवरचा एक सीनियर म्हणला, जायरोस्कोप 'ऑलवेज ऑन' कर आन् आठ दिवस शिव्या खा.

खरंच आठ दिवस शिव्या खाल्लो. रँक पडली. सगळे म्हणायले, हे येडं फोन घेऊन नाचायलंय. नवव्या-दहाव्या दिवशी काय झालं माहीत नाही, पण गोळ्या सुटल्यावर बंदूक वर उचलती ना, तिला फोन जरासा खाली झुकवून दाबून धरणं आपोआप जमाया लागलं. आता कुणी जायरो बंद करून फोन दिला तर मला दार बी दिसत नाही.

एकच सांगतो ताई, मनगटानं मागं वळायला जाऊ नका. मागं वळायचं, कोपऱ्यावरनं वळायचं, ते सगळं अंगठ्याचं काम. मनगट फक्त शेवटच्या बोटभर अंतराला. दोन्ही संगं चालतात. का अंगठा का मनगट असं नसतंय ते.

पानचक्की_८८ (छ. संभाजीनगर)

मी वेगळं बोलतो, रागावू नका. एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलपासून (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) दोन काड्यांवर खेळतोय. डावीनं चालायचं, उजवीनं बघायचं. मधल्या काळात पाठ दुखली, लग्न झालं, दोन पोरं झाली, पण अंगठ्यानं साथ सोडली नाही. तक्क्याला टेकून, एक पाय बाजेवरून खाली सोडून खेळायचं सुख त्या जायरोत नाही. कुशीवर वळलो तर नेमही कुशीवर. आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये तो सेन्सरच दिलेला नाही, म्हणजे आमच्याकडं हा वादच नाही.

पण ताईंना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. आम्ही काडीवर जे भाव मारतो ना, त्यात निम्मी कमाई आमची नसते. २००१ साली हॅलो नावाचा गेम आला तेव्हापासून कन्सोलवरच्या बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये एक मदतनीस लपलेला असतो. नेम शत्रूवरून सरकायला लागला की गेम स्वतःच काडीचा वेग कमी करतो, म्हणजे तुमचा अंगठा थोडा चुकला तरी नेम तिथंच रेंगाळतो. काही ठिकाणी तर शत्रू पळाला की नेमही त्याच्यामागं जरासा ओढला जातो. माऊसवर खेळणारे लोक याच्यावरूनच आमच्याशी भांडतात, आणि भांडण खोटं नाही.

स्प्लॅटूनमध्ये हा मदतनीस नाही. तो गेम पहिल्या भागापासून, म्हणजे २०१५ पासून, मनगट धरूनच बांधलाय. मोशन त्यात मुळातच चालू असतं, तुम्ही मुद्दाम बंद केलंत. म्हणजे आमचा अंगठा खुर्चीत बसून जेवतो आणि तुमचा उभ्यानं. आठ वेळा हरलात यात तुमचा दोष नाही. एवढं बोलून मी माझ्या तक्क्याकडं जातो.

सोल्डरवाला_नांदेड

माझं मोबाईल-कंट्रोलर दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्याला दोन-चार तरी कंट्रोलर "नेम आपोआप सरकतो" म्हणून येतात, म्हणून या विषयात जरा जास्तच बोलेन.

ताई, फुगा चुकतोय तो का चुकतोय ते सांगतो. काडी म्हणजे नळाची तोटी. तुम्ही तोटी किती उघडली त्यावर पाणी किती जोरात येईल ते ठरतं. घागर किती भरली हे मात्र तुम्ही तोटी बंद कधी केली त्यावर. काडी नेमाला "कुठं जा" असं सांगतच नाही, "किती वेगानं जा" एवढंच सांगते. थांबवायचं काम वेगळं, आणि अंगठा मधोमध परत येईपर्यंत चार थेंब जास्त पडलेले असतात. त्यात काडीच्या मधोमध एक मेलेली जागा ठेवलेली असते, तिथं हलवलं तरी काही होत नाही. तुम्ही लिहिलंत ना, हळू ढकललं तर हलत नाही आणि हलला की पलीकडं? ती हीच.

मनगट म्हणजे तांब्यानं मोजून घालणं. हात एवढा वळला, नेम एवढा वळला. हात थांबला, नेम थांबला. आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. कंट्रोलर सेकंदाला किती अंश फिरतोय हे ती मोजत असते आणि कन्सोल त्याची बेरीज करत जातो. निन्टेंडोच्या वी (Wii) नावाच्या जुन्या कन्सोलच्या रिमोटसारखं हे नाही बरं का. तो २००६ चा, त्याच्यासाठी टीव्हीवर एक पट्टी ठेवावी लागायची, तिच्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांकडं बघून रिमोटला कळायचं आपण कुठं रोखलोय. जायरोला टीव्ही कुठं आहे हेही माहीत नसतं. त्याला फक्त आपण वळलो एवढंच कळतं, मग वळवणारा हात असो नाहीतर एसटीचा ड्रायव्हर. मुलीला सांगा, स्विच बिघडलेला नाही. घाटात मोशन बंद ठेवायचं.

आता बेरीज म्हटली की चूक साठत जाते. थोड्या वेळानं हात सरळ असतो आणि नेम छताकडं. त्यासाठी वाय बटण दाबायचं, नेम समोर येतो. अर्धा मिनिट गेला की एकदा दाबायची सवयच लावून घ्या. फारच सरकत असेल तर सेटिंगमध्ये मोशन कंट्रोल कॅलिब्रेट करायची, म्हणजे परत नीट जुळवायची सोय आहे. कंट्रोलर सपाट जागी ठेवायचा आणि हात लावायचा नाही. मात्र ज्या टेबलावर कूलर आहे त्या टेबलावर नको! एक गिऱ्हाईक तीनदा परत आलं होतं. शेवटी कळलं, त्यांच्या घरी कूलर आणि कंट्रोलर एकाच लोखंडी स्टँडवर. तो थरथरतो, चिपला वाटतं आपण फिरतोय.

आणि गरगरण्याचं. माझा अंदाज सांगतो: मोशन चालू केलं की या गेममध्ये काडी फक्त डावी-उजवीकडं चालते, वर-खाली मनगटानंच बघायचं. तुम्ही सवयीनं काडी वर ढकलत असणार, ती ऐकत नाही, मग सगळे हात उचलत असणार. कोपरं मांडीवर उशी घेऊन टेकवा. आणि सेन्सिटिव्हिटी (हात किती वळला की नेम किती वळतो ते) आधी बघा, उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत असते. तुमच्या भावानं ती कितीवर ठेवली होती हे कुणी बघितलंय का?

गोदाकाठची_बाई (गंगाखेड)

सोल्डरवाले दादा, तुमच्या तोंडात साखर पडो. अधिक पाच!! भावानं पाचवर ठेवून दिलेली, लेक त्यावरच शिकली, आणि मी त्याच पाचवर एक दिवस बसून "मला गरगरतं" म्हणून बंद करून टाकलेलं. वर्गात पोरांना सांगते, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. जाऊ द्या.

आठवडा झाला. काय काय झालं ते सांगते. पहिले दोन दिवस उणे अडीचवर ठेवलं. गरगरणं थांबलं, पण मान वळवायची तर पूर्ण कंट्रोलर पोळपाटासारखा फिरवावा लागायचा. लेक हसून लोळायची. मग हळूहळू वाढवत उणे अर्ध्यावर आणलं, तिथं हात बसला. मांडीवर उशी घेतली. लातूरच्या बाळाचं ऐकून मोठं वळण अंगठ्यानंच घेते. गंमत म्हणजे कठीण मनगट नाही गेलं, अंगठ्याला वेळेवर थांबवणं कठीण गेलं. फुगा दिसला की तोच आधी धावतो. तिसऱ्या दिवशी मी त्याला मुद्दाम काडीवरून उचलून हवेत धरलं आणि नुसतं मनगटानं फुग्याकडं गेले. काडीवर नेम कसा घसरत यायचा, तसा हा घसरला नाही. बोट दाखवल्यासारखा गेला आणि थांबला. टप्पा चौथ्या प्रयत्नात सुटला. हे पेपर बघत होते, मी ओरडले तर दचकले.

वायचं बटण अजून विसरते. काल तर अर्धा डाव ढगांना रंग देत होते. लाईट गेली की टीव्ही बंद, मग स्विच हातात घेऊन खेळावं लागतं. तिथं मला मनगट जमतच नाही. हात वळवला की पडदाच वळतो, आणि मी मान वाकडी करून त्याच्यामागं. तेवढ्यापुरता अंगठा बरा. पानचक्की भाऊ, तुमच्या तक्क्याला मी नावं ठेवत नाही.

आता नवीन भांडण सुरू झालंय. लेकीला अधिक पाच पाहिजे, मला उणे अर्धा. एक टप्पा तिचा, एक माझा, म्हणजे दर दहा मिनिटांनी सेटिंग बदला. ती बदलायला विसरते, मी तिचे पाच घेऊन पाण्यात पडते. ती माझं घेऊन म्हणते, "आई, हे चिखलात चालल्यासारखं वाटतंय."

मोंढा_लातूर

ताई, दोघींचे दोन युजर करा की! स्विचमध्ये प्रत्येकाचा वेगळा युजर निघतो म्हणायलेत माझे मित्र. ज्याची सेटिंग त्याच्याकडं.

गोदाकाठची_बाई (गंगाखेड)

केला. नाव दिलं 'बाई'. पण बाळा, त्यात गेम पहिल्यापासून सुरू होतोय, फुग्यांचा टप्पासुद्धा परत आलाच की!

मोंढा_लातूर

मग खेळा. शाळा जूनशिवाय कुठं उघडायलीय? माझा मात्र पेपर हाय, मी निघतो.