गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी महिलांना कसे तयार करावे?

नमस्कार. आमच्या गटातील महिलांपुढे या तपासणीचा विषय काढला, की “मला काही त्रासच नाही, मग कशाला?” हेच उत्तर मिळते. एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे पेशींत होणारे बदल कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुधा अनेक वर्षे लागतात आणि तोवर लक्षणे सहसा दिसतच नाहीत, हे मी समजावते. तरीही मागच्या वेळी एक ताई नाव नोंदवून, फॉर्म हातात धरून तासभर बसल्या आणि हाक येताच उठून घरी गेल्या. अडचण माहितीची नसून संकोचाची असावी (मलाही पहिल्यांदा तो वाटला होता). एचपीव्ही चाचणीसाठी स्वतःच नमुना घेण्याचा पर्याय कोणी राबवला असल्यास महिलांना तो कोणत्या शब्दांत समजावला, हे कृपया सांगावे.