मदत हवी आहे: वहिनीला ऑपरेशनआधी स्तनाचा एमआरआय सांगितलाय

मंडळी, आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. वहिनी ४७ वर्षांच्या, पाळी अजून चालू आहे. डाव्या बाजूला गाठ अशी नाही, नुसतं जाडसर लागत होतं. मॅमोग्राफीत फारसं काही आलं नाही, सोनोग्राफीत संशय आला आणि बायॉप्सीत इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. मिरजेचे सर्जन म्हणतात, स्तन वाचवायचा बघू, पण आधी एमआरआय करून आणा. या प्रकारात पेशी गोळा न बांधता ओळीने पसरतात, त्यामुळे मॅमोग्राफीत खरा आकार कळत नाही म्हणे.

दादाचं म्हणणं, निदान झालंय, आता उगाच दिवस कशाला घालवायचे? माझ्याही वाचनात आलं की ब्रिटनमध्ये कॉमिस नावाची चाचणी झाली. १६२३ बायका, निष्कर्ष २०१० चे. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्हीकडे साधारण १९ टक्के बायकांना पुन्हा ऑपरेशन लागलं. मग करायचा तरी कशाला?

त्यातून एका सेंटरला फोन केला तर पलीकडची बाई म्हणते, "एमआरआय म्हणजे एमआरआय, कुठल्याही मशीनवर होतो, इंजेक्शन लागत नाही." खरंय का हे? वहिनींना शुगर आहे, पालथं झोपलं की मान धरते, आणि जोडवी बोटात इतकी रुतलीत की निघता निघत नाहीत. पाळीचे दिवस धरून करायचा का, हेही सांगा.

प्रतिसाद

दादा, मी साताऱ्यात एमआरआयवर टेक्निशियन आहे. ती ब्रिटनची चाचणी सरसकट स्तनाच्या सगळ्या प्रकारच्या कॅन्सरची होती. लोब्युलरमध्ये आजार कुठवर गेलाय आणि दुसऱ्या बाजूला काही आहे का, हे बघायला एमआरआय सांगतातच. तुमच्या सर्जननी काही वावगं सांगितलेलं नाही.

फोनवरचं मात्र साफ चूक. कॅन्सर बघायचा तर गॅडोलिनियमचं (चित्रात कॅन्सर उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) इंजेक्शन हवंच, आणि ब्रेस्ट कॉइल, म्हणजे खास स्तनासाठीचा मशीनचा भाग, हवी. पालथं झोपून दोन्ही स्तन त्या कॉइलच्या पोकळीत सोडायचे असतात. "ब्रेस्ट कॉइल आहे का?" एवढं एकच विचारा, समोरचा गडबडला तर तिथे जाऊ नका. शुगर आहे म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी करून न्या. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, तेव्हा मानेचं आधीच सांगा, उशी नीट लावून देतात. रेडिएशन नसतं. एरवी पाळीच्या ७ ते १४ व्या दिवशी करतात, पण निदान झालेल्या पेशंटने त्यासाठी थांबू नये.

जोडवी घरीच काढा. साबण लावून, नाहीच तर सोनाराकडून कापून. आमच्याकडे येऊन दारात ओढाताण करणाऱ्या बायका रोज बघतो. मंगळसूत्र, बांगड्या, साडीच्या पिना, सगळं काढून या.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. एमआरआयला न दिसावं ते दिसतं, आणि त्यातलं बरंचसं कॅन्सर नसतं. नवा ठिपका आला तर पुन्हा सोनोग्राफी, लागली तर बायॉप्सी करूनच ठरवा. नुसत्या रिपोर्टवर अख्खा स्तन काढायचा निर्णय घेऊ देऊ नका. जुनी मॅमोग्राफी सोबत न्या, आणि निघताना सीडी मागून घ्या. सर्जनना रिपोर्टच्या कागदापेक्षा चित्रं लागतात.