मुलाला बोर्डिंगला टाकावं का? माझं मत हो, घरात सगळे विरोधात

गंगापूररोडकर:
पोरगा पाचवीत आहे, सहावीपासून त्याला मुलांच्या बोर्डिंग शाळेत टाकायचं माझ्या डोक्यात आहे आणि त्यावरून घरात रोज वाजतंय, आई आणि बायको एकीकडे, मी एकटा एकीकडे. मी स्वतः पाच वर्षं बोर्डिंगला काढलीत म्हणून बोलतोय. पहिला आठवडा उशीत तोंड खुपसून रडलो, खोटं कशाला सांगू. डिसेंबरात साडेपाचला घंटा व्हायची, नाशिकची थंडी, बादलीतलं पाणी अंगावर घ्यायच्या आधी सगळे एकमेकांकडे बघत उभे. पण शिस्तबिस्त सोडा, खरा फायदा वेगळाच. माझ्या एका बाजूच्या कॉटवर सुरगाण्याचा पोरगा, दुसऱ्या बाजूला निफाडच्या द्राक्षवाल्याचा. सातवीत मला ताप भरला तेव्हा सुरगाण्याचा तो रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला होता आणि सकाळी तसाच पीटीला गेला. आज माझ्या पोराला बिल्डिंगमधली चार पोरं सोडली तर कोणी माहीत नाही, आणि ती चारही मोबाईलमध्येच.

सिडकोची_आई:
दादा, तुम्हाला चांगला मित्र भेटला म्हणून सगळ्यांना भेटतो असं नाही ना. माझा सख्खा भाऊ होता एका बोर्डिंगला, नाव नाही घेत. दोन वर्षं मोठ्या पोरांचे मोजे आणि बनियन धुवत होता, नाही धुतले तर मार. घरी पत्रं यायची "मी मजेत आहे", कारण पत्र आधी रेक्टर वाचायचे. आईला कळलं ते सुट्टीत त्याचे हात बघून, साबणाच्या सोड्याने बोटांच्या बेचक्या फुटल्या होत्या. अकरा वर्षांचं लेकरू हो ते. अंथरुणाची घडी घालायला घरीही शिकवता येतं की.

पेठकडचा_मास्तर:
दोघांचं वाचलं. बोर्डिंग निघाली कशासाठी ते आधी बघा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, कर्मवीरांनी १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आपल्याकडे उदोजी मराठा बोर्डिंग झालं, ते सगळं गावात शाळा नव्हती, शहरात राहायला जागा नव्हती त्या पोरांसाठी. आमच्या पेठ-सुरगाण्यात आजही आश्रमशाळा नसती तर कित्येक पोरं चौथीनंतर गुरांमागे गेली असती. आता ज्याला सैन्यातच जायचंय त्याचं वेगळं, भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे इथे, साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं. पण तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर चांगल्या शाळा आहेत, मग पोराला घराबाहेर काढायची गरज नक्की कोणाची, त्याची का तुमची? राग मानू नका.

गंगापूररोडकर:
राग नाही सर. थोडी माझीपण गरज असेल, मी रात्री नऊला घरी येतो, पोराशी बोलणं म्हणजे "जेवलास का" एवढंच. पण म्हणूनच वाटतं ना, की संध्याकाळी क्लास आणि टीव्ही यापेक्षा पन्नास पोरांबरोबर मैदानावर असलेला बरा. सिडकोच्या ताईंचं वाचून मात्र झोप नाही लागली नीट. आमच्या वेळीही असं चालायचं, आठवीत गेल्यावर मीपण एका लहान पोराला माझी ट्रंक उचलायला लावली होती, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. काल पोराला पहिल्यांदा सरळ विचारलं, जाशील का. तो म्हणाला, "तिथून आजीला रोज फोन करता येतो का?" आता रविवारी त्याला घेऊन शाळा बघायला जातोय.

सिडकोची_आई:
जा, पण ऑफिसात बसून परत येऊ नका. सहावीची पोरं जेवत असतील तेव्हा मेसमध्ये जा, रेक्टर सोबत नको, आणि त्यांना विचारा की रात्री पोट दुखलं तर कोणाला उठवता. पटकन नाव सांगतायत का एकमेकांकडे बघतायत ते बघा. आणि इथे येऊन सांगा.