मदत हवी आहे: क्लाउड सीडिंगसाठी वर्गणी वाढवायची का? गुरुवारी मतदान

सायली_क:
गुरुवारी आमच्या कालवा कंपनीची सभा आहे. क्लाउड सीडिंगसाठी, म्हणजे ढगात रसायनाचे कण सोडून बर्फ-पाऊस वाढवण्यासाठी, शेअरमागे जादा वर्गणी घ्यायचा ठराव येतोय. पत्रकात लिहिलंय, ५ ते १५ टक्के जास्त बर्फ. बोलायला मला तीन मिनिटं मिळणार आणि हो म्हणू की नाही, हेच ठरत नाहीये. दोन रात्री वाचतेय. एक म्हणतो सिद्ध झालंय, दुसरा म्हणतो थोतांड. हे चालतं की नाही, एवढं कुणी सरळ सांगेल का? कृपया 'अभ्यास करा' म्हणू नका, वेळ नाही.

वाटसरू:
कुठे राहता? विमानातून फवारणार की जमिनीवरून? एवढं तरी लिहा, मग सांगता येईल.

माळरान:
बिनधास्त हो म्हणा. सोलापूरला २०१८-१९ मध्ये विमानं उडायची तेव्हा मी तिथेच होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचा प्रयोग. पाऊस सरासरी १८ टक्के वाढला असं त्यांनी छापलंय.

वाटसरू:
माळरान, ते पावसाळी ढग. तिथे कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून थेंब मोठे करत होते. डोंगरावरच्या हिवाळी ढगात पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठलेलं नसतं. त्याला सिल्व्हर आयोडाइडचा कण मिळाला की उणे पाच-सहाच्या खाली त्याभोवती बर्फ धरतो. दोन्हींची टक्केवारी एकमेकांना लावू नका.

माळरान:
ढगात काहीतरी टाकायचं आणि खाली पाडायचं, तत्त्व एकच ना?

सायली_क:
सॉरी, लिहायचं राहिलं. अमेरिकेतलं युटा राज्य. वासॅचचा डोंगर. जनरेटर, म्हणजे ढगात कण सोडणारे बर्नर, जमिनीवरचे. एक तर शेजारच्या आजोबांच्या कुरणातच आहे. वादळ आलं की त्यांना फोन येतो, ते बॅटरी घेऊन चढतात आणि बर्नर पेटवतात. एकदा मीही गेले होते. प्रोपेनची टाकी, पत्र्याचं धुराडं, आत फुरफुरणारी ज्योत आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास.

वाटसरू:
तो ॲसिटोनचा. त्यातच सिल्व्हर आयोडाइड विरघळवतात.

तुळस_वृंदावन:
म्हणजे चांदी पाण्यात! मुलांना तेच पाजणार का? टेक्सासला जुलै २०२५ मध्ये पूर आला तोही यानेच आला म्हणतात.

वाटसरू:
ताई, तेवढ्या पावसाला लागणारी वाफ कुठलाही जनरेटर आणू शकत नाही. आणि सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बीजारोपण (सीडिंग) केलेल्या बर्फात चांदी मोजतात ती एक लाख कोटी भागांत काही भाग, अशा मापात.

अमेय_द:
सायली, तुमच्या पत्रकातला आकडा खोटा नाही, अर्धा आहे. टक्के कशाचे, ते विचारा. शेजारच्या वायोमिंगने सरकारी पैशातून २००५ ते २०१४ प्रयोग केला. ५ ते १५ टक्के हा अंदाज तिथलाच, पण फक्त सीडिंगला योग्य वादळांपुरता. आणि हिवाळ्यातल्या एकूण बर्फापैकी साधारण ३० टक्केच अशा वादळांतून पडतो. आता हिशोब करा: १०० इंचांतले ३० इंच, त्यावर १० टक्के, म्हणजे हंगामाला ३ इंच. तोही प्रत्येक योग्य वादळ पकडलंत तर. शिवाय कुठे सीडिंग करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या मुख्य चाचणीत मिळालेला फरक योगायोग नाही, असं छातीठोक म्हणण्याइतका मोठा नव्हता.

दुसरीकडे, चालतच नाही म्हणणंही चूक. आयडाहो राज्यात जानेवारी २०१७ मध्ये विमान नागमोडी उडालं आणि रडारवर बर्फाच्या रेघा तशाच नागमोडी उमटल्या. इतका स्वच्छ पुरावा आधी कुणाकडे नव्हता. पण १९ जानेवारीला त्यातून पडलं ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं. क्षेत्र मोठं, म्हणून पाणी बरंच भरतं.

खडकपाझर:
इस्रायलने २०१३ ते २०२० चाचणी घेतली. वाढ जेमतेम १.८ टक्के. कार्यक्रम बंद केला. माझ्या मते हाच पैसा कालव्याला अस्तर करायला घाला. मी जलसंपदात २२ वर्षं काढली. मातीच्या कालव्यातून जे मुरतं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.

अमेय_द:
दादा, प्रश्न अस्तराचा नाही.

खडकपाझर:
प्रश्न पाण्याचाच आहे ना? मग एका रुपयात कुठलं पाणी जास्त मिळतं, ते कोणी मोजायचं?

रेवा:
पैशाचंच विचारते. युटाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये यासाठी १.२ कोटी डॉलर एकरकमी आणि दरवर्षी ५० लाख डॉलर मंजूर केले. मग वर्गणी कशाची? राज्याचा वाटा किती, तुमचा किती, ठरावात लिहिलंय का?

सायली_क:
नाही लिहिलेलं. आत्ता पत्रक पुन्हा पाहिलं, राज्याचं नावही नाही. हे मी विचारणारच.

अमेय_द:
आणखी एक. वाढ किती झाली ते कोण मोजतं? बहुतेक ठिकाणी जनरेटर चालवणारी कंपनीच शेजारच्या, बीजारोपण न केलेल्या खोऱ्याशी तुलना करून अहवाल देते. दुसऱ्या कुणी तो तपासलाय का, विचारा. अमेरिकेच्या जीएओ या सरकारी कामं तपासणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये जे अभ्यास तपासले त्यांत वाढ शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत निघाली.

माळरान:
शून्य ते २० म्हणजे सरासरी १० झाली की!

अमेय_द:
नाही हो, अशी सरासरी काढत नाहीत.

रेवा:
सायली, वर्गणी शेअरमागे किती, ते अजून सांगितलं नाहीस.

सायली_क:
४ डॉलर. आमचे ६ शेअर. रक्कम मोठी नाही, पण मागच्या वर्षी जुलैतच पाणी बंद झालं आणि पीच लिंबाएवढे राहिले. आजोबांनी निम्मी झाडं तोडली. ते म्हणतात, काहीही चालेल, पण काहीतरी करा. त्यांच्यासमोर उभं राहून मी नाही म्हणणार नाही. टक्के कशाचे, मोजणार कोण, राज्याचा वाटा किती, या तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तरच हो, असं म्हणणार आहे. खडकपाझर दादा, अस्तराचा खर्च साधारण कसा काढतात, ते आज रात्री लिहाल का? आमचा कालवा मातीचाच आहे.