पॉइंट रेझची सहल: जून नको, संक्रांतीचा शनिवार घ्या

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पॉइंट रेझला (सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला समुद्रात शिरलेलं टोक, तिथल्या राष्ट्रीय पार्कला) जायचं चाललंय. साधारण ४० जण असू. त्यात भारतातून आलेले दहा-बारा आई-बाबा आणि तेवढीच लहान मुलं. सकाळी बेअर व्हॅली (पार्कचं मुख्य माहिती केंद्र), मग जेवण, शेवटी दीपगृह असा क्रम मनात आहे. ज्यांना तिथली नीट माहिती आहे त्यांनी कृपया लिहावं.

प्रेषक: सॅन रफेलहून

ताई, आधी तारीख बदला. जून ते ऑगस्ट त्या टोकावर धुकं ठाण मांडून बसतं. समुद्राचं पाणी थंड असतं आणि आतला प्रदेश तापलेला, म्हणून धुकं रोज किनाऱ्याकडे ओढलं जातं. सॅन रफेलला ९० फॅरनहाइट असताना दीपगृहापाशी ५५ असतं, वर वारा. आई-बाबांना एवढ्या लांब नेऊन पांढरी भिंत दाखवण्यात अर्थ नाही. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात स्वच्छ, पण मी म्हणेन संक्रांतीच्या आसपासचा शनिवार धरा. अलास्काकडून मेक्सिकोला निघालेले ग्रे व्हेल जानेवारीच्या मध्याला तिथून सर्वांत जास्त संख्येने जातात. शिवाय डिसेंबर ते मार्च एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य सागरी प्राणी) किनाऱ्यावर असतात. फक्त त्या दिवशी पाऊस-वादळाचा अंदाज असेल तर सरळ पुढचा शनिवार घ्या.

दुसरं, क्रम उलटा करा. बेअर व्हॅलीपासून दीपगृह जेमतेम वीस मैल, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा, ४५ मिनिटं जातातच. दीपगृह शेवटी ठेवलं की दुपारी पार्किंग मिळत नाही आणि परतताना अंधार पडतो. जानेवारीत सव्वापाचला सूर्य मावळतो. साडेसातला साउथ बे (सॅन होजेकडचा भाग) सोडा, दहाला पॉइंट रेझ स्टेशन गावात गॅस (पेट्रोल) आणि रेस्टरूम उरका (पुढे गॅस नाही), अकराला दीपगृह. पश्चिमेकडे बघायचं असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी राहतं, दुपारनंतर तेच पाण्यावरून डोळ्यांत येतं आणि व्हेल दिसत नाहीत.

पार्किंग लॉटपासून व्हिजिटर सेंटर जवळपास अर्धा मैल, हलक्या चढाचा डांबरी रस्ता. तिथून खाली दीपगृहापर्यंत ३१३ पायऱ्या. इतक्या खाली का, हे मुलांना जरूर सांगा. कड्याच्या माथ्यावर धुकं दाट असतं, दिवा तिथे लावला असता तर जहाजांना दिसलाच नसता. म्हणून तो कड्याच्या मध्यावर, धुक्याच्या थराखाली बसवला. १ डिसेंबर १८७० ला तो पहिल्यांदा पेटला, १९७५ ला त्याची जागा स्वयंचलित दिव्याने घेतली. फ्रान्समध्ये १८६७ साली घडवलेलं फ्रेनेल भिंग (दिव्याचा उजेड एकवटून लांब फेकणारं) अजून तिथेच आहे: काचेची चोवीस उभी तावदानं, प्रत्येकात लोलकांची वलयं एकाभोवती एक.

पायऱ्या शुक्रवार ते सोमवारच उघड्या असतात, आणि वारा ताशी ४० मैलांच्या वर गेला की बंद करतात. निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या वेबसाइटवर वेळा आणि रस्त्याची स्थिती बघूनच घराबाहेर पडा. पायऱ्या बंद असल्या तरी व्हेल वरच्या कठड्यावरूनच दिसतात, त्यामुळे फेरी वाया जात नाही.

व्हेल शोधायला आधी दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी पाण्याचा मोठा पट्टा न्याहाळा. राखाडी पाण्यावर दहा-बारा फुटी पांढरा फवारा उठतो, समोरून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो आणि वाऱ्याने लगेच विरतो. मग दुर्बीण त्या जागेच्या थोडी डावीकडे, म्हणजे दक्षिणेला धरा. तीन-चार श्वास घेऊन व्हेल बुडी मारतो आणि काही मिनिटांनी पुढेच वर येतो. ८ किंवा १० पट पुरे, त्याहून जास्त पटीची वाऱ्यात हलते.

प्रेषक: फ्रीमॉंटहून

काकांनी लिहिलेल्या क्रमाला माझाही दुजोरा. थोडी भर घालते.

रस्ता: स्टिन्सन बीचवरून हायवे १ ने मुलांना नेऊ नका, वळणांनी हमखास ओकतात. १०१ वरून सर फ्रान्सिस ड्रेक बुलेव्हार्ड धरून फेअरफॅक्समार्गे ओलेमाला या. तोही वळतोच, पण पुष्कळ बरा. निघताना पोटभर दूध-पोहे नकोत, सुकी दशमी द्या. ईस्ट बेकरांना रिचमंड पुलाचा टोल जाताना पडतो, गोल्डन गेटवरून येणाऱ्यांना परतताना.

जेवण ड्रेक्स बीचला ठेवा, दीपगृहापाशी नको. हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि टोकाच्या डोंगराने वायव्येचा वारा अडतो. भेळ अजिबात नको, कुरमुरे उडतात आणि कागदी प्लेटाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, तिळाच्या वड्या, आणि चहा मोठ्या थर्मासमध्ये. डबे टेबलावर सोडून जाऊ नका, तिथले डोमकावळे पिशवीची चेन उघडतात.

सील कधी ड्रेक्स बीचवर, लॉटच्या अगदी जवळ पहुडलेले असतात. दिसायला निपचित, पण नर दोन टनांहून जड असतो आणि वाळूत माणसाला गाठेल इतका चपळ. दोरीपलीकडे जाऊ नका आणि मुलांचा हात सोडू नका. तिथे नसतील तर चिमनी रॉकच्या लॉटजवळच्या ओव्हरलुकवर नक्की.

ग्रेट बीचवर (नॉर्थ आणि साउथ दोन्ही) पाण्याशी कुणी जायचं नाही. वीस मिनिटं लाटा लहान येतात आणि मग एक अचानक खूप वरपर्यंत चढते, पाय ओढून नेते. पाठ समुद्राकडे करून फोटो तर नकोच.

प्रेषक: सहल समिती

दोघांचे आभार, तारीख बदलतोय. गुडघे दुखणाऱ्यांचं आणि स्ट्रोलरचं काय करायचं?

प्रेषक: सॅन रफेलहून

अपंगांचा प्लॅकार्ड असलेली गाडी लॉट ओलांडून व्हिजिटर सेंटरजवळपर्यंत नेता येते, म्हणून तशी एक गाडी ठरवा आणि आजी-आजोबांना तीच द्या. पायऱ्या त्यांना नकोत. उतरताना गुडघे दुखतात आणि चढताना दम लागतो, तीस मजल्यांइतका चढ आहे. स्ट्रोलर वरपर्यंत चालतो, पायऱ्यांवर नाही, तान्ह्याला कॅरियर घ्या.

आजी-आजोबांसाठी खरी जागा परतीच्या वाटेवरची, बेअर व्हॅलीची अर्थक्वेक ट्रेल. पाऊण मैलही नाही, सपाट आणि फरसबंद. सॅन अँड्रियास भेग (जमिनीचे दोन मोठे भाग जिथे एकमेकांना घासून सरकतात ती रेषा) जिथून जाते तिथे निळे खांब रोवलेत. कुंपणाची एक सरळ रेघ मध्येच तुटलेली दिसेल, तिचा पुढचा भाग पंधरा फुटांहून जास्त बाजूला. १९०६ च्या भूकंपात जमीन इतकी सरकली. कुंपणाच्या दोन्ही तुटलेल्या टोकांना एकेकाला उभं करून फोटो काढा, अंतर तेव्हाच कळतं. भेगेपलीकडचं हे सगळं द्वीपकल्प पॅसिफिक प्लेटवर (भूकवचाच्या एका सरकत्या तुकड्यावर) आहे, तिथला ग्रॅनाइट ३०० मैलांहून दूर दक्षिणेच्या टेहाचापी डोंगरांशी जुळतो.

तिथे चारपर्यंत पोचलात तर उजेडात फेरी होते. फोनला रेंज जवळजवळ नाही, म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करा आणि प्रत्येक गाडीत भेटायच्या जागा आणि वेळा कागदावर लिहून ठेवा: अकरा दीपगृह, सव्वा ड्रेक्स बीच, चार बेअर व्हॅली. प्रवेश फी नाही.